गेलेल्या दांताची जागा

आमच्या आजीच्या पानाच्या डब्यांत बोटभर उंचीचा एक पितळी खलबत्ता असे. तोंडाचें बोळकें झालें तरी विड्याची आवड सुटली नव्हती. म्हणून पान, कात, चुना, सुपारी हें सर्व त्यांत कुटून त्याचा लगदा ती जिभेवर ठेवी आणि आम्हां नातवंडांकडे विजयी मुद्रेनें पाही. दांत गेल्यावर काय करावें ह्या प्रश्नाला आपल्या जुन्या समाजानें दिलेलें उत्तर त्या खलबत्त्यांत सांठविलेलें होतें. दांत परत येत नाहींत, तेव्हां अन्न मऊ करावें. गुरगुट्या भात, दुधांत कुस्करलेली पोळी, वरणाचें पाणी, आणि वर थोडें वैराग्य. सुश्रुतसंहितेंत दांतांच्या व हिरड्यांच्या रोगांची सविस्तर चर्चा आहे. वरचा दांत हालत असला तरी तो ओढून काढूं नये, रक्तस्रावानें भलतेच विकार जडतात, असा इशाराही तींत दिलेला आहे. परंतु काढलेल्या दांताच्या जागीं काय बसवावें ह्यापेक्षां असलेला दांत कसा राखावा ह्याकडेच त्या शास्त्राचा ओढा आहे.

हा विषय आमच्या मनांत घोळूं लागण्याचें कारण अगदीं घरगुती आहे. आमचे ज्येष्ठ बंधु सत्तरी ओलांडून गेले आहेत. खालच्या जबड्यांत एकही दांत उरलेला नाहीं. वरची कवळी बरी बसते. खालची मात्र बोलतांना उचलते आणि जेवतांना तरंगते. गेलीं दोन वर्षें ते लग्नामुंजींच्या पंगतींना येत नाहींत. पथ्याचें निमित्त सांगतात. आमचीही खालची उजवीकडची शेवटची दाढ गेल्या वर्षीं काढावी लागली. दंतवैद्यांनीं दोघांनाही एकच उपाय सुचविला: हाडांत टिटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दांत चढविणें, म्हणजे ज्याला हल्लीं सर्वजण ‘इंप्लांट’ म्हणतात तें दंतरोपण. खर्चाचा आंकडा ऐकून अण्णा म्हणाले, “अरे, एवढ्यांत पूर्वीं लेकीचें लग्न होत असे.” प्राध्यापकाची खोड अशी कीं, निर्णय करण्यापूर्वीं त्याला ग्रंथालयांत जावेंसें वाटतें. तेथें जें हातीं लागलें तें दंतवैद्यकापेक्षां माणसाच्या इतिहासाचेंच एक प्रकरण आहे असें दिसल्यामुळें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

इटलींतील एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांतून सोन्याच्या पट्ट्यांनीं शेजारच्या दांतांस बांधलेले कृत्रिम दांत सांपडले आहेत. त्यांची सुरुवात ख्रिस्तपूर्व सातव्या शतकापर्यंत मागें जाते. पुढच्या गेलेल्या दांताच्या जागीं माणसाचा किंवा जनावराचा दांत बसवून तो सोन्याच्या कड्यांत अडकवावयाचा, अशी ती रचना. ह्यांतील पुष्कळ पट्ट्या स्त्रियांच्या तोंडांतील असाव्यात असें अभ्यासकांचें मत आहे; तेव्हां चावण्यापेक्षां शोभेचा व वैभवप्रदर्शनाचा भाग ह्यांत अधिक होता. रोममध्यें ही रीत इतकी रुळली कीं, ख्रिस्तपूर्व ४५० च्या सुमारास झालेल्या बारा पट्टिकांच्या कायद्यांत तिची दखल घ्यावी लागली. प्रेताबरोबर सोनें पुरूं नये असा तो निर्बंध आहे. पण ज्याचे दांत सोन्यानें बांधलेले असतील त्याला तसेंच पुरलें किंवा जाळलें तरी अपराध होणार नाहीं, असा अपवादही लगेच जोडलेला आहे. हें कलम सिसरोनें नमूद करून ठेवलें म्हणून आपल्याला कळतें. मृताच्या मुखांत तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण मुद्दाम घालणाऱ्या आम्हां लोकांना ह्या कलमाची गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं. आपण मरतांना सोनें तोंडांत घालतों. तें तोंडांतून काढून घ्यावें कीं काय, ह्याची रोमन कायदेपंडितांस चिंता.

बांधलेला दांत आणि रोवलेला दांत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रोवलेल्या दांताचा अतिशय जुना पुरावा १९३१ सालीं मध्य अमेरिकेंतील होंडुरस देशांत मिळाला. एका प्राचीन खालच्या जबड्यांत पुढच्या तीन दांतांच्या ठिकाणीं दांताच्या आकाराचे शिंपल्याचे तुकडे ठोकून बसविलेले होते. काळ अदमासें इ. स. ६०० चा. मृत्यूनंतर अंत्यविधीचा भाग म्हणून ते बसविले असावेत, असें प्रथम मानलें गेलें. परंतु १९७० सालीं त्या जबड्याचीं क्ष-किरणचित्रें घेतल्यावर शिंपल्याभोंवतीं नवीन हाड वाढल्याचें दिसलें. आणि हाड वाढतें तें जिवंत माणसाचें. तें कोणाच्या हातचें काम, वेदना किती झाल्या असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

ह्यानंतर हजार वर्षें ओलांडून एकदम अठराव्या शतकांत यावें. १७२८ सालीं पॅरिसमध्यें पियेर फोशार ह्यानें दंतशस्त्रावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंवर दांत काढणें हें न्हाव्याचें व जत्रेंतील भोंदूचें काम समजलें जाई. त्याला शास्त्राच्या पंक्तीला बसविण्याचा मान फोशारकडे जातो. साखर युरोपांत स्वस्त होत चालली होती आणि श्रीमंतांचे दांत त्या प्रमाणांत किडत होते. हस्तिदंताचे व पाणघोड्याच्या दांताचे कोरीव दांत मिळत. पण ते पिवळे पडत, त्यांना दुर्गंधि येई, आणि स्प्रिंगांच्या जोरावर त्यांना तोंडांत तोलून धरावें लागे. तेव्हां सर्वांत उत्तम दांत कोणता? अर्थात् दुसऱ्या माणसाचा.

ह्या मताला मोठ्या विद्वत्तेचा आधार मिळाला. लंडनचा विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर ह्यानें १७७१ सालीं मानवी दांतांवरील आपला ग्रंथ लिहिला. त्यानें एका कोंबड्याच्या तुऱ्यांत मनुष्याचा दांत रोवून तो तेथें जगवून दाखविला होता. तो नमुना लंडनमध्यें अद्याप जपून ठेवला आहे. एकाच्या तोंडांतून काढलेला ताजा दांत दुसऱ्याच्या जबड्यांत तत्काळ बसविला तर तो रुजेल, असें त्याचें म्हणणें. त्यानें दिलेली एक सूचना वाचतांना अंगावर शहारे येतात. पहिल्याचा दांत मापांत बसला नाहीं तर अडचण होऊं नये, म्हणून दांत देणारीं माणसें एकाहून अधिक जवळ तयार ठेवावींत, असें तो सांगतो. म्हणजे रांग लावून उभीं केलेलीं गरिबांचीं पोरें. टॉमस रोलँडसन ह्या व्यंगचित्रकारानें १७८७ सालीं हाच देखावा काढला आहे. चित्रांत धुराडीं साफ करणाऱ्या काजळलेल्या पोराचा दांत उपटून तो एका नटव्या बाईच्या तोंडांत बसविण्याची तयारी चालली आहे, आणि दारांतून दांत देऊन बसलेलीं दोन गरीब मुलें गाल धरून बाहेर पडत आहेत. अशा दांतांपैकीं फारच थोडे टिकत. जातांना मात्र उपदंशासारखा रोग एकाच्या तोंडांतून दुसऱ्याच्या रक्तांत पोंचवून जात.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांचे दांत लांकडी होते अशी समजूत फार पसरलेली आहे. ती खोटी आहे. ३० एप्रिल १७८९ रोजीं त्यांनीं अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हां त्यांच्या तोंडांत स्वतःचा एकच दांत उरला होता. जॉन ग्रीनवुड नांवाच्या दंतवैद्यानें पाणघोड्याच्या दांताची जी कवळी त्यांना करून दिली होती, तींत त्या एका दांतासाठीं भोंक ठेवलेलें होतें. कवळीमुळें त्यांचे ओंठ फुगीर दिसत. डॉलरच्या नोटेवरील ते घट्ट मिटलेले ओंठ ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना हें पटेल. परंतु ह्याहून बोलकी नोंद त्यांच्या जमाखर्चाच्या वहींत आहे. मे १७८४ मध्यें एका फ्रेंच दंतवैद्याच्या खात्यावर ‘नीग्रोंना’ नऊ दांतांबद्दल ६ पौंड २ शिलिंग दिल्याचें तींत लिहिलें आहे. दर दांतास सुमारें साडेतेरा शिलिंग. तोच दंतवैद्य वर्तमानपत्रांतील जाहिरातींतून पुढच्या दांतास दोन गिनी, म्हणजे बेचाळीस शिलिंग देऊं करीत होता. ते नऊ दांत पुढें कोणाच्या तोंडांत बसले तें वहींत लिहिलेलें नाहीं. ज्याचें सर्व शरीरच धन्याच्या मालकीचें, त्यानें दांत ‘विकला’ ह्या शब्दाला अर्थ काय, हा प्रश्न मात्र ती वही वाचणाऱ्याला पडतोच.

१८१५ च्या जूनमध्यें वॉटर्लूची लढाई झाली. रणांगणावर पडलेल्या तरुण सैनिकांचे निरोगी दांत लुटारूंनीं उपटून नेले आणि ते इंग्लंडच्या बाजारांत आले. पुढें कोणत्याही प्रेताच्या दांतांना ‘वॉटर्लूचे दांत’ म्हणण्याचा प्रघात पडला. आणि हें नांव दोषाचें नसून उत्तम मालाची ग्वाही समजलें जाई. ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ ह्या १८६२ सालच्या कादंबरींतील फांतिन आपल्या मुलीसाठीं पुढचे दोन दांत विकते, तें वाचून आम्ही तरुणपणीं कवीची अतिशयोक्ति समजलों होतों. ती अतिशयोक्ति नव्हती.

माणसाच्या तोंडांतून दांत काढून घेण्याचा हा व्यापार बंद पडला, तो दयेनें फारसा नाहीं. स्वस्त पर्याय निघाला म्हणून. दुशातो नांवाच्या एका फ्रेंच औषधविक्याला आपल्या हस्तिदंती कवळीच्या वासाचा कंटाळा आला, आणि १७७४ च्या सुमारास त्यानें चिनी मातीची कवळी करवून घेतली. द शेमां ह्या दंतवैद्यानें ती कल्पना सुधारून राजाकडून १७८९ सालीं तिचें स्वामित्व मिळविलें. राज्यक्रांतीमुळें तो पुढें इंग्लंडांत गेला. चिनी मातीचे सुटे दांत तयार होऊं लागले, पण ते बसवावयाचे कशावर? सोन्याची पट्टी सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. ह्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. १८४४ सालीं होरेस वेल्स ह्या अमेरिकन दंतवैद्यानें हास्यवायु हुंगून स्वतःचा दांत काढवून घेतला, आणि १८४६ सालीं मॉर्टन ह्या दुसऱ्या दंतवैद्यानें बोस्टनच्या रुग्णालयांत ईथरची भूल जगाला दाखविली. दांत काढणें सुसह्य झालें. त्याबरोबर बिनदांतांचीं तोंडें झपाट्यानें वाढलीं. दुसरी गोष्ट म्हणजे गुडइयर बंधूंचें कठीण केलेलें रबर. तोंडाच्या सांच्यांत तंतोतंत बसणारी ही रबरी कवळी इतकी स्वस्त पडली कीं, कारकून आणि शिंपीही ती वापरूं लागले. तिच्या पेटंटावर हक्क सांगणाऱ्या कंपनीचा खजिनदार बेकन हा परवाना-शुल्क न देणाऱ्या दंतवैद्यांवर गांवोगांव फिर्यादी लावीत हिंडे. १८७९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील एका हॉटेलांत अशाच एका गांजलेल्या दंतवैद्यानें त्याला गोळी घालून ठार केलें. दांतांपायीं झालेला एवढा एकच खून आमच्या वाचनांत आला आहे.

विसाव्या शतकांत रबर गेलें, ॲक्रिलिक आलें. पण कवळी म्हणजे म्हातारपणाचा सार्वत्रिक पोशाख झाला. इंग्लंड-वेल्समध्यें १९६८ सालीं पाहणी झाली तेव्हां प्रौढांपैकीं शेंकडा ३७ माणसांच्या तोंडांत स्वतःचा एकही दांत नव्हता. इतकेंच नव्हे, तर कवळीनें तेथें मंत्रिमंडळही हालविलें. जुलै १९४८ मध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होतांच फुकट कवळ्यांसाठीं लोकांची झुंबड उडाली. १९५१ सालीं कवळ्यांवर व चष्म्यांवर आकार बसविण्याचें सरकारनें ठरविलें, आणि त्या सेवेचा जनक अन्यूरिन बेव्हन ह्यानें राजीनामा दिला. आपल्याकडे ह्या शास्त्राचें शिक्षण उशिरा आलें: डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास पहिलें दंतवैद्यक विद्यालय काढलें, मुंबईस नायर रुग्णालयाचें विद्यालय १९३३ सालीं निघालें.

आतां रोपणाकडे वळूं. जबड्यांत धातु रोवण्याचे प्रयोग पुष्कळ झाले होते. १८०९ सालीं माज्जोलो ह्यानें सोन्याचें मूळ बसवून पाहिलें. १९१३ सालीं अमेरिकेंत ग्रीनफील्डनें इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेची पोकळ टोपली बसविली. अडचण एकच होती. पायांत रुतलेला कांटा शरीर जसें पू करून बाहेर लोटतें, तसेंच तें परक्या धातूला तंतुमय आवरणांत गुंडाळून सैल करतें आणि शेवटीं टाकून देतें.

ही अडचण ज्यानें सोडविली तो दंतवैद्य नव्हता. स्वीडनमधील लुंड येथें १९५२ च्या सुमारास पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हा तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होता. त्यासाठीं टिटॅनियमची एक बारीक दुर्बिणी-नळी त्यानें हाडांत बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती महाग वस्तु काढून पुन्हां वापरावी, हा काटकसरीचा विचार. पण ती निघेना. हाड धातूला असें चिकटलें होतें कीं, दोहोंच्या मध्यें आवरणच नव्हतें. टिटॅनियमच्या पृष्ठभागावर हवा लागतांच ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर जमतो. हाडाच्या पेशींना त्या थराचें वावडें नसतें. पुढें गोथेनबर्ग येथें ब्रॉनेमार्कनें कुत्र्यांवर व मग माणसांवर प्रयोग केले. १९६५ सालीं त्याचा पहिला रोगी आला. जन्मतःच जबड्यांत व्यंग असलेला, खालीं एकही दांत नसलेला, नीट बोलतां-चावतां न येणारा असा तो गृहस्थ होता. त्याच्या खालच्या जबड्यांत चार स्क्रू बसविले. २००६ सालीं तो वारला तेव्हां ते जागच्या जागीं होते. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ. तरीही ब्रॉनेमार्कच्याच देशांतील दंतवैद्य कित्येक वर्षें त्याची हेटाळणी करीत होते. १९८२ सालीं टोरोंटोच्या परिषदेंत त्यानें पंधरा वर्षांचे पुरावे मांडल्यावर जगानें मान तुकविली. २०१४ सालीं तो वारला.

ह्या पहिल्या रोग्याची हकीकत वाचतांना आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली. तो आमच्या बंधूंसारखा होता; आमच्यासारखा नव्हता. दंतरोपण निर्माण झालें तें ज्याचें खाणें आणि बोलणें थांबलें आहे अशा माणसासाठीं. आज तें ज्याच्या तोंडांत सत्तावीस दांत शाबूत आहेत त्यालाही त्याच स्वरांत सुचविलें जातें. दोन्ही ठिकाणीं स्क्रू तोच. गरज मात्र एक नव्हे.

खालच्या कवळीचें दुखणें खरें आहे. वरची कवळी टाळूला हवेच्या दाबानें चिकटते. खालची घोड्याच्या नालासारखी, तिला चिकटावयाला पृष्ठभागच थोडा, आणि मध्यें जीभ सतत हलणारी. शिवाय दांत गेल्यावर जबड्याचें हाड वर्षानुवर्षें झिजत जातें, तेव्हां कवळी नवी केली तरी तिचा पाया खचतच असतो. २००२ सालीं कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठांत जमलेल्या तज्ज्ञांनीं असें मत दिलें कीं, खालीं एकही दांत नसलेल्याला निदान दोन रोपणांवर अडकणारी कवळी हाच पहिला उपाय समजावा. चौदा दांतांसाठीं चौदा स्क्रू नकोत. दोन पुरतात, आणि कवळी बटणासारखी त्यांवर बसते. खर्चही त्या मानानें उतरतो. अण्णांना मधुमेह आहे, परंतु तो ताब्यांत आहे. तंबाखू त्यांनीं कधीं ओढली नाहीं. ह्या दोन गोष्टी आम्हीं मुद्दाम विचारून घेतल्या, कारण बेताल साखर आणि धूम्रपान हे रोपणाचे जुने वैरी होत. हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून दिलीं जाणारीं कांहीं औषधें चालू असतील, किंवा जबड्याला किरणोपचार झालेले असतील, तर तेंही आधीं सांगावें लागतें.

आमच्या दाढेची गोष्ट निराळी. हॉलंडमधील नाइमेगन येथील काय्सर ह्यानें १९८१ सालीं दाखवून दिलें कीं, पुढचे दांत व त्यांमागच्या उपदाढा जुळत्या राहिल्या, तर मागच्या दाढांवांचूनही पुष्कळ माणसांचें चावणें समाधानकारक चालतें. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असें नाहीं. रोपण कितीही चांगलें असलें तरी तें दांत नव्हे. खऱ्या दांताच्या मुळाभोंवतीं बारीक तंतूंची गादी असते. भातांतला खडा आपल्याला तत्काळ कळतो तो तिच्यामुळें. रोपणाला ती गादी नाहीं. तें किडत नाहीं हें खरें, परंतु घांस-पूस नीट न ठेवल्यास त्याच्याभोंवतालची हिरडी सुजते व हाड पुन्हां झिजूं लागतें. दहा वर्षांनंतर शंभरांत नव्वदांहून अधिक रोपणें टिकतात, हा आंकडा मोठाच आहे. पण तोही काळजी घेणाऱ्यांचा आहे. दोन्ही बाजूंच्या निरोगी दांतांना तासून ब्रिज बसविण्यापेक्षां मधल्या एका गेलेल्या दांताला रोपण बरें, हें आम्हांला मान्य आहे. आमची दाढ मात्र शेवटची; तिच्यापलीकडे कोणी नाहीं, आणि तिच्यावांचून आमचें कांहीं अडलेलें नाहीं.

हें सर्व आम्हीं दंतवैद्यांपुढें ठेविलें. तरुण माणूस, प्रथम थोडा हिरमुसला, मग हंसला, आणि म्हणाला, “सर, तुमची दाढ राहूं द्या. वरची दाढ खालीं उतरूं लागते काय, एवढें सहा-सहा महिन्यांनीं पाहूं.” अण्णांसाठीं मात्र दोन रोपणांची तारीख ठरविली. हाड पक्कें धरण्यास तीन-चार महिने लागतील. तोंवर जुनी कवळीच.

त्या संध्याकाळीं आम्हीं अण्णांना रोमन कायद्याचें तें कलम वाचून दाखविलें. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलें, “हा तुझा टिटॅनियम चितेवर वितळतो का रे?”

“नाहीं, अण्णा. त्याला सोळाशें अंशांहून अधिक उष्णता लागते. चितेला तेवढी नसते.”

“म्हणजे तिसऱ्या दिवशीं अस्थि वेंचायला याल तेव्हां दोन स्क्रू सांपडतील तुम्हांला,” ते म्हणाले. “नाशिकला नेऊं नका. डॉक्टरला परत द्या, आणि पैसे किती मिळतात तें विचारा.” आणि वहिनींना हांक मारून त्यांनीं पुढच्या महिन्यांतील लग्नपत्रिका शोधावयास सांगितली, तारीख चार महिन्यांनंतरची असती तर बरें झालें असतें, असें पुटपुटत.